‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द आला कुठून?

आजचा भाग एका शब्दावर आहे. शब्द आहे ‘स्टुडंट-ॲथलीट’. तुम्ही अमेरिकेतल्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे व्हिडिओ बघत असाल, किंवा तिकडे शिकायला जायचं म्हणून एखाद्या युनिव्हर्सिटीची वेबसाइट चाळली असेल, तर हा शब्द तुमच्या नजरेखालून गेलेलाच आहे. आधी विद्यार्थी, मग खेळाडू. ऐकायला किती छान! सकाळी लेक्चर, संध्याकाळी मैदान, मधे थोडी लायब्ररी. कुठल्याही आईवडिलांना आवडेल असा शब्द.

गंमत अशी की हा शब्द कुठल्या प्रोफेसरला सुचलेला नाही आणि कोचलाही नाही. नियमपुस्तकात तो आला तेव्हा समोर प्रश्न होता नुकसानभरपाईचा. मैदानात जखमी झालेल्या, आणि एका केसमध्ये मेलेल्या, मुलाचे पैसे कुणी द्यायचे?

ते समजायला थोडं मागे जाऊ. फार नाही, १८५२ पर्यंत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी नावाच्या तळ्यावर हार्वर्ड आणि येल यांच्यात बोटींची शर्यत झाली. अमेरिकेतली ही पहिली आंतर-कॉलेज स्पर्धा मानतात. आता विचार करा, खर्च कुणी केला असेल? कॉलेजने? नाही. एका रेल्वे कंपनीने. त्या कंपनीची गाडी तळ्याकडे जायची, तिला प्रवासी हवे होते. म्हणून मुलांचं जाणं-येणं, राहणं, जेवणखाण सगळं कंपनीकडून. म्हणजे पहिल्याच दिवशी स्पॉन्सर हजर! आणि १८५५ साली पुन्हा शर्यत झाली तेव्हा येलवाल्यांनी तक्रार केली की हार्वर्डच्या बोटीत सुकाणूवर बसलेला गडी तर कधीच पास होऊन गेलाय. तेव्हा ‘खेळणारा खरंच विद्यार्थी आहे का?’ हे भांडणही दुसऱ्याच शर्यतीत सुरू झालं.

मग आला फुटबॉल. आपला पायाने खेळायचा नाही, त्यांचा, हेल्मेटवाला. फक्त त्या काळी धड हेल्मेटसुद्धा नव्हतं. १९०५ च्या सीझनमध्ये देशभरात, शाळा-कॉलेज धरून, अठराच्या आसपास मुलं मैदानावर मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि खेळ सुधारा म्हणून सांगितलं. त्या गडबडीतून १९०६ मध्ये एक संघटना उभी राहिली, १९१० पासून तिचं नाव एनसीएए. कॉलेज खेळांची तिथली सर्वोच्च संस्था. आजच्या गोष्टीतलं मुख्य पात्र तेच.

पण पुढची चाळीसेक वर्षं या संस्थेच्या हातात फारसं काही नव्हतं. प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीने चांगले खेळाडू ओढून आणायचं. कुणाला जेवण, कुणाला खोलीभाडं, कुणाला नावापुरती नोकरी. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने शंभराहून जास्त कॉलेजांचा अभ्यास करून जाडजूड अहवाल काढला, आणि बहुतेक ठिकाणी हेच चाललंय असं लिहिलं. पेपरांत बातम्या आल्या, चर्चा झाली, सीझन सुरू झाला आणि लोक विसरले. ओळखीचं वाटतंय ना?

आता मुख्य गोष्ट. जागा कोलोरॅडो राज्य, साल १९५०.

डेन्व्हर युनिव्हर्सिटीत अर्नेस्ट नेमेथ नावाचा एक मुलगा फुटबॉल खेळायचा. प्रॅक्टिस करताना त्याच्या पाठीला दुखापत झाली. या मुलाला युनिव्हर्सिटीने कॅम्पसवर काम दिलेलं होतं, टेनिस कोर्टांवरचा कचरा साफ करायचं. महिन्याला ५० डॉलर. त्याने कामगार नुकसानभरपाईसाठी अर्ज केला. युनिव्हर्सिटी म्हणाली, अहो, हा पडला फुटबॉल खेळताना, टेनिस कोर्ट झाडताना नाही! तेव्हा याचा आणि नोकरीचा संबंध काय?

सुनावणीत जे बाहेर आलं ते मोठं मजेशीर आहे. कॅम्पसवरचं काम आणि जेवण कुणाला मिळणार हे मैदानावरच्या कामगिरीवर ठरायचं. चांगला खेळलास तर नोकरी. टीममधून गेलास तर नोकरीही गेली. मग १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने साधा हिशोब मांडला. नोकरी टिकवायला फुटबॉल खेळणं भागच असेल, तर फुटबॉल हा त्या नोकरीचाच भाग झाला. म्हणून हा मुलगा कर्मचारी. भरपाई द्या.

एका राज्यातला निकाल, एका मुलाची पाठ. पण देशभरातल्या कॉलेजांना घाम फुटला असणार. कारण हे लॉजिक पुढे नेलं तर काय होतं बघा. खेळाडू कर्मचारी असेल तर त्याचा विमा, त्याच्या दुखापती, त्याच्या कामाचे तास, उद्या पगार, परवा युनियन. सगळंच आलं.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस नावाच्या छोट्या कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. लग्न झालेला होता. त्याच्या पत्नीने भरपाईसाठी दावा केला. तोही कॉलेजचं काम करायचा, तोही कॉलेजसाठी खेळायचा. प्रश्न तोच होता, फक्त या वेळी माणूस हयात नव्हता.

१९५७ मध्ये तेच सुप्रीम कोर्ट उलट बाजूने बोललं. कोर्टाचं म्हणणं असं की डेनिसनचं काम फुटबॉलवर अवलंबून होतं याचा पुरावा नाही, नेमेथच्या बाबतीत तो होता. शिवाय कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. तेव्हा हा कामाच्या ठिकाणी झालेला मृत्यू नव्हे. पत्नीला काही मिळालं नाही.

कायद्याच्या नजरेने दोन निकालांतला फरक समजतो, मी नाही म्हणत नाही. छोटं कॉलेज होतं, फुटबॉलवर त्याची कमाई नव्हती, हेही खरं असेल. पण मला राहून राहून वाटतं की टेनिस कोर्टाच्या केसमध्ये कागदावरची अट महत्त्वाची ठरली. अट उघड असली तर भरपाई, झाकलेली असली तर नाही. मग कॉलेजांनी यातून काय शिकायचं? अट दिसू द्यायची नाही, एवढंच.

इथे वॉल्टर बायर्स येतात. १९५१ मध्ये एनसीएएचे पहिले पूर्णवेळ प्रमुख झाले तेव्हा वय २९. पुढे १९८७ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं, तेच. एनसीएएला टीव्हीचे करार आणि शिक्षा करायची ताकद मिळाली ती त्यांच्या काळात. भरपाईच्या या खटल्यांचा धोका त्यांनी ओळखला. आणि त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की त्यावर उतारा म्हणून ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द तयार केला गेला आणि नियमांमध्ये सगळीकडे घातला गेला. हे दोन शब्द शेजारी शेजारी आधीही कुणी लिहिले असतील. पण ‘खेळाडू’ म्हणायचंच नाही, दर वेळी ‘स्टुडंट-ॲथलीट’ म्हणायचं, ही शिस्त तेव्हाची. त्यांचं पुस्तक १९९५ चं. गादीवरून उतरल्यावर हे गृहस्थ आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेचे कडक टीकाकार झाले आणि त्या पुस्तकात तिच्यावर खेळाडूंच्या शोषणाचा आरोप केला. उशिरा का होईना, आतला माणूस बोलला.

शब्दाने काम मात्र चोख केलं. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्धच्या मॅचमध्ये पडला आणि त्याला कायमचा पक्षाघात झाला. त्याने पुढे कर्मचारी म्हणून भरपाई मागितली. अनेक वर्षं केस चालली आणि २००० साली टेक्सासच्या अपील कोर्टाने नाही सांगितलं. तो विद्यार्थी होता, कर्मचारी नव्हता.

ठीक आहे. विद्यार्थी तर विद्यार्थी. मग विद्यार्थ्याला अभ्यासाला वेळ तरी मिळायचा का? हा खरा प्रश्न, आणि आता मी तुम्हाला माझा आवडता किस्सा सांगतो.

त्या काळी एनसीएएचा एक नियम होता. पहिल्या वर्षाच्या मुलाने कॉलेजच्या मुख्य टीममधून खेळायचं नाही. घरापासून लांब आलाय, नवीन जागा, नवा अभ्यास, आधी एक वर्ष रुळू दे, हा त्यामागचा विचार. पहिल्या वर्षाच्या मुलांची वेगळी टीम असायची, तिच्या मॅचेस कमी, प्रवास कमी. युद्धाच्या काळात मुलं कमी पडली तेव्हा सूट मिळाली, एरवी नियम पक्का.

१९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये न्यूयॉर्कहून एक सात फुटांचा मुलगा आला. नाव लू अल्सिंडर. हो, तोच, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. यूसीएलएची मुख्य टीम तेव्हा १९६४ आणि १९६५ असं सलग दोन वर्षं देशाची चॅम्पियन होती. नवीन स्टेडियमचं उद्घाटन होतं, म्हणून नोव्हेंबरमध्ये मुख्य टीम विरुद्ध पहिल्या वर्षाची पोरं अशी मॅच ठेवली. निकाल? पोरांनी ७५-६० ने हरवलं. एकट्या अल्सिंडरचे ३१ पॉइंट. म्हणजे देशातली सगळ्यात भारी टीम आपल्याच कॅम्पसवर दोन नंबरची निघाली!

आणि तरीही त्या वर्षी हा मुलगा मुख्य टीममधून एकही मॅच खेळला नाही. नियम म्हणजे नियम. पुढची तीन वर्षं खेळला, तिन्ही वर्षी चॅम्पियन, ९० पैकी ८८ मॅचेस जिंकल्या. आणि १९६९ मध्ये इतिहासाची डिग्री घेऊन बाहेर पडला. आपला विषय हो!

आता मी असं म्हणत नाही की त्या एका वर्षामुळे त्याला डिग्री मिळाली. तो मुळातच वाचणारा मुलगा होता, पुढे त्याने पुस्तकंही लिहिली. पण विचार करा, त्या वर्षी त्याच्यावर देशभर फिरायचा ताण नव्हता, टीव्हीवर दिसायचा ताण नव्हता. अठरा वर्षांच्या मुलाला ही चैनच म्हणायची.

१९७२ मध्ये एनसीएएने हा नियम काढून टाकला. फुटबॉल आणि बास्केटबॉल, दोन्हींसाठी. बाकीच्या खेळांना आधीच सूट दिलेली होती. कारण काय? अभ्यास आता सोपा झाला म्हणून? छे. पहिल्या वर्षाच्या वेगळ्या टीमचा खर्च परवडत नव्हता. वेगळे कोच, वेगळे प्रवास. त्यापेक्षा मुलाला पहिल्या दिवसापासून मुख्य टीममध्ये घेतलं की पैसेही वाचतात आणि मॅचही जिंकता येते.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, स्कॉलरशिपचे नियम बदलले. आधी चार वर्षांची स्कॉलरशिप देता यायची. आता ती एकेक वर्षाची, दर वर्षी नूतनीकरण. हे दोन बदल शेजारी ठेवून बघा. अठरा वर्षांचा मुलगा, पहिलाच महिना, रुळायला वेळ नाही, आणि वर्षाअखेरीला फी भरली जाईल की नाही हे कोचच्या मर्जीवर. सकाळची प्रॅक्टिस आणि सकाळचं लेक्चर एकाच वेळी आलं तर तो कुठे जाईल? मला तरी यात कोडं दिसत नाही. आणि टेनिस कोर्टाची ती जुनी अट आठवते का? खेळलास तर मिळेल, नाहीतर नाही. तीच. फक्त आता तिला पगार म्हणत नव्हते.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. १९८२ मध्ये केव्हिन रॉस नावाचा बास्केटबॉल खेळाडू क्रेटन युनिव्हर्सिटीत चार वर्षं काढून बाहेर पडला आणि उघड झालं की त्याला वाचता येतं ते दुसरी-तिसरीच्या मुलाएवढं. तो शिकागोमधल्या एका शाळेत, लहान मुलांसोबत, पुन्हा शिकायला बसला. तेवीस वर्षांचा, उंचापुरा माणूस, शाळेच्या बाकावर. त्या फोटोंनी देश हादरला. मग प्रवेशासाठी किमान मार्कांचे नियम आले, त्यावर वेगळी भांडणं झाली, तो स्वतंत्र भागाचा विषय आहे.

शेवटी १९९१ मध्ये एनसीएएने घड्याळ लावलं. सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. ऐकायला उत्तम! पण आता बारीक अक्षरं वाचू. मॅचचा दिवस किती तासांचा धरायचा? ३ तास. सकाळी सातला बसमध्ये बसून रात्री अकराला परत आलात तरी तीनच. प्रवास मोजायचा नाही. दुखऱ्या गुडघ्यावर उपचार घ्यायला बसलात ते मोजायचं नाही. आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम मोजायचा नाही. आता कोच तिथे उभा नसला तरी कोण आलं आणि कोण नाही हे त्याला कळतंच, तेव्हा ऐच्छिक किती ऐच्छिक असतो ते कॉलेजात खेळलेल्या कुणालाही विचारा. एनसीएएच्याच पाहणीत मोठ्या कॉलेजांच्या फुटबॉल खेळाडूंनी सीझनमधला आपला आठवडा चाळीस तासांच्या वर सांगितला. वीसचा नियम, चाळीसचं काम, आणि त्यावर अभ्यास.

यातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण केन कोल्टरचं. नॉर्थवेस्टर्न ही अभ्यासात कडक मानली जाणारी युनिव्हर्सिटी, आणि हा तिथला क्वार्टरबॅक. हुशार मुलगा, हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलच्या वाटेवर केमिस्ट्री लागते, आणि केमिस्ट्रीचा क्लास होता सकाळच्या प्रॅक्टिसच्या वेळेत. त्याने शेवटी विषय बदलून सायकॉलॉजी घेतलं. नापास झाला नाही, काढून टाकला गेला नाही, कुणी ओरडलं नाही. रेकॉर्डवर सगळं व्यवस्थित, डिग्रीसुद्धा मिळाली. फक्त डॉक्टर व्हायची वाट तिथे बंद झाली. आपण ‘बॅलन्स’ म्हणतो ना, टाइमटेबल नीट लाव, लवकर ऊठ, मोबाइल बाजूला ठेव, तर हा मुलगा ते सगळं करत असणार. पण एकाच वेळी दोन ठिकाणी कुठलं टाइमटेबल नेणार?

कोल्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युनियन करायला अर्ज केला. कामगार मंडळाच्या शिकागोच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने आठवड्याचे तास मोजले, सीझनमध्ये ४० ते ५०, आणि म्हणाला, स्कॉलरशिपवरचे हे खेळाडू कर्मचारी आहेत. पुढच्या वर्षी वरच्या मंडळाने या प्रकरणात पडायलाच नकार दिला. कर्मचारी आहेत की नाहीत, यावर एक शब्द नाही.

दुसऱ्या टोकाला नॉर्थ कॅरोलिना. तिथे १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं एका विभागात असे कोर्स चालले ज्यात लेक्चरच नव्हतं, एक पेपर लिहून द्यायचा आणि मार्क छान. तीन हजार शंभरहून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यातले निम्म्याच्या आसपास खेळाडू. इथे क्लास आणि प्रॅक्टिसची टक्कर झाली नाही, कारण क्लासच नव्हता. मला विचाराल तर कोल्टरपेक्षा या मुलांचं नुकसान जास्त. त्याला निदान कळलं तरी की आपलं काय गेलं.

मधल्या काळात पैसा कुठून कुठे गेला तेही सांगायला हवं. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक बसतात. एका कॉलेजच्या! आपल्याकडे कॉलेजची मॅच बघायला टीममधल्यांचे दोस्त येतात आणि शेजारचा चहावाला. तिथे कोचना कोट्यवधींचे पगार, आणि खेळाडू मात्र हौशी. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल दिला की शिक्षणाशी संबंधित लाभांवर एनसीएए अशी मर्यादा घालू शकत नाही. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली. आणि जून २०२५ मध्ये एका समझोत्याला कोर्टाची मंजुरी मिळून कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

म्हणजे आता पैसे मिळतात. तास? ते वीसच, कागदावर. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक वर्ष थांबवायचं का, ही चर्चा २०१५ मध्ये बिग टेन नावाच्या कॉलेजगटाने पुन्हा काढली होती, ‘तयारीचं वर्ष’ म्हणून. ती तिथेच विरली. ज्याला जाहिरातीचे पैसे मिळतायत तो मुलगा एक वर्ष बाकावर बसायला आज तयार होईल असं मला वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये लिहा.

आणि तो जुना प्रश्न? जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की कॉलेजचा खेळाडू हौशी आहे एवढ्यानेच तो कर्मचारी नाही असं ठरत नाही. प्रत्येक केसमध्ये तपासून बघा. केस खालच्या कोर्टाकडे परत गेली. म्हणजे डेनिसनच्या पत्नीने विचारलेला प्रश्न सत्तर वर्षांनी पुन्हा टेबलावर आहे. निकाल लागला की त्यावर वेगळा भाग करू. तोपर्यंत आजचं रेकॉर्डिंग इथे थांबवतो.